पुन्हा विकत आणा तो डिफेन्स: सिनसिनाटी बेंगल्ससाठी माझा 2026 चा प्लॅन

(पडद्यावर: ओहायो नदी, काठावरचं रिकामं पेकोर स्टेडियम)

फेब्रुवारी 2026. अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, एनएफएलची, फायनल म्हणजे सुपर बोल होऊन गेलाय, सिअ‍ॅटल सीहॉक्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना 29-13 असं हरवलं, ट्रॉफी तिकडे गेली, आणि आता सुरू झालाय ऑफसीझन. मैदानात काही चालू नसतं पण खरं सांगू का, अर्धी टीम याच दिवसांत बनते किंवा याच दिवसांत बिघडते. 11 मार्चला लीगचं नवीन वर्ष सुरू होणार, त्या दिवसापासून ज्यांचे करार संपलेत ते प्लेयर कुठल्याही टीमला सही करून देऊ शकतात, आणि मग 23 एप्रिलपासून पिट्सबर्गमध्ये ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधले नवे प्लेयर टीमनी पाळीपाळीनं, राउंडमागून राउंड निवडायचे, त्या एकेका पाळीला म्हणतात पिक.

मी बेंगल्सचा फॅन आहे. तर त्यांच्या ऑफिसात टीम बांधणाऱ्या ड्यूक टोबिनच्या खुर्चीत मी बसलो असतो तर या दोन-अडीच महिन्यांत कोणाला ठेवलं असतं, कोणाला जाऊ दिलं असतं आणि पैसा कुठे ओतला असता, ते सगळं आज सांगतो.

आधी पैशाचं गणित, कारण ते कळल्याशिवाय बाकी काहीच कळत नाही. आयपीएलमध्ये कशी प्रत्येक टीमला ठरावीक पर्स असते, 2025 च्या मोठ्या लिलावाला 120 कोटी होती, तसंच एनएफएलमध्ये सॅलरी कॅप. 2025 ला ती 279.2 मिलियन डॉलर होती, यंदा 300 च्या पुढे जाणार. त्यात 53 जणांची टीम बसवायची. बेंगल्सकडे क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, ऑफेन्सचा सूत्रधार) जो बरो, 5 वर्षांचे 275 मिलियन. रिसीव्हर (तो बॉल पकडणारा) जमार चेस, 4 वर्षांचे 161. दुसरा रिसीव्हर टी हिगिन्स, 4 वर्षांचे 115. सरासरी काढली तर या तिघांचेच वर्षाला 124 मिलियन होतात. कॅपवर दरवर्षी एवढेच धरले जातात असं नाही, सायनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) जास्तीत जास्त 5 वर्षांत वाटून टाकता येतो म्हणून आकडा वरखाली करता येतो, पण ओझं ते ओझंच.

लोक म्हणतात बघा, इथेच चुकलं, तिघांना एवढं दिल्यावर बाकीच्यांना काय उरणार. मला हे अजिबात पटत नाही. 2024 ला चेसनं 127 कॅच, 1,708 यार्ड, 17 टचडाउन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणं) केले, तिन्हीत लीगमध्ये पहिला. बरो त्याच वर्षी 4,918 यार्ड आणि 43 टचडाउन, दोन्हीत पहिला. अशी जोडी एखाद्या टीमला पिढीत एकदा मिळते. त्यांना पैसे दिले ते बरोबरच केलं, घोळ दुसरीकडे आहे आणि तो कुठे आहे ते बघायला एकच सामना पुरेसा आहे.

(पडद्यावर: 2 नोव्हेंबर 2025, बेंगल्स विरुद्ध शिकागो बेअर्स)

2 नोव्हेंबरची रात्र तुम्हाला वेगळ्या कारणासाठी आठवत असेल. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुली वर्ल्ड कप जिंकत होत्या, दक्षिण आफ्रिकेला 52 रन्सनी हरवलं, अख्खा देश जागा होता. तेव्हाच तिकडे सिनसिनाटीत दुपारी एकचा सामना सुरू झाला होता. बरोच्या पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याच आठवड्यात मोठी दुखापत झालेली, त्याच्या जागी क्लीव्हलंडकडून आणलेला 40 वर्षांचा जो फ्लॅको. या माणसानं त्या दिवशी 470 यार्ड फेकले. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा टीम 14 पॉइंटनी मागे होती, तिथून टचडाउन, मग ऑनसाइड किक, म्हणजे मुद्दाम आखूड मारलेली आपलीच किक, स्वतःच पकडली (असं फारच क्वचित होतं), मग अजून एक टचडाउन, 42-41, आणि घड्याळात उरली फक्त 54 सेकंद.

आता डिफेन्सला एवढंच करायचं होतं की या 54 सेकंदांत समोरच्याला फार पुढे येऊ द्यायचं नाही. बेअर्सचा नवखा टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि कॅचही घेणारा) कोल्स्टन लव्हलँड, त्यानं मैदानाच्या मधोमध बॉल पकडला, बेंगल्सचे दोन डिफेंडर अंगावर आले, एकालाही धरता आलं नाही, आणि तो तसाच सुटला तो थेट एंड झोनमध्ये. 58 यार्ड. 17 सेकंद बाकी. 47-42, हरलो.

बरं हा एकच दिवस वाईट होता असंही नाही. त्याच्या आधीच्या रविवारी न्यू यॉर्क जेट्स आले होते, सातपैकी सात हरून आलेली टीम, चौथ्या क्वार्टरमध्ये आपण 38-24 पुढे, आणि 39-38 हरलो, शेवटचा टचडाउन पास तर त्यांच्या रनिंग बॅकनं (बॉल घेऊन पळणाऱ्यानं) फेकला, क्वार्टरबॅकनं पण नाही! 2024 ला सुद्धा हेच. 33 करून वॉशिंग्टनकडून हरलो, 38 करून बाल्टिमोर रेव्हन्सकडून, 34 करून परत रेव्हन्सकडून, 38 करून पिट्सबर्गकडून. 2025 चा शेवट 6 विजय 11 पराभव. बरो 8 सामने खेळला त्यातले 5 जिंकले. सलग तिसरं वर्ष प्लेऑफ नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. 2021 च्या सीझनला हीच टीम सुपर बोलला गेली होती, लॉस एंजेलिस रॅम्सकडून 23-20 नी हरली, तर त्या टीमचा डिफेन्स आला कुठून हे कोणी नीट बघत नाही. डीजे रीडर ह्यूस्टनहून आणला, व्हॉन बेल आणि ट्रे हेंड्रिक्सन दोघे न्यू ऑर्लिन्सहून, माइक हिल्टन पिट्सबर्गहून, चिडोबे अवुझी डॅलसहून, लॅरी ओगुंजोबी क्लीव्हलंडहून. हे सगळे फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले, दुसऱ्या टीममध्ये चार-चार वर्षं घासून तयार झालेले. त्यांच्यात घरचा जेसी बेट्स. कॅन्सस सिटीच्या मैदानावर 21-3 मागे पडून जिंकलो ना आपण, त्या सामन्यात ओव्हरटाइमला पॅट्रिक महोम्सनं लांब बॉल टाकला, बेट्सनं हात लावून तो उडवला आणि बेलनं हवेतच पकडला, त्यावर इव्हान मॅक्फर्सननं किक मारली आणि 27-24. तो बॉल ज्या दोन सेफ्टींनी (डिफेन्सच्या सगळ्यात मागे उभे राहणारे) काढला ते दोघेही 2023 मध्ये निघून गेले. रीडर 2024 ला गेला, हिल्टन 2025 ला. त्यांच्या जागी काय आलं तर बहुतेक ड्राफ्टमधली पोरं. पोरं वाईट नाहीत हो, पण सगळी एकाच वेळी शिकतायत, आणि शिकतायत ती बरोच्या उमेदीच्या वर्षांत.

त्यामुळे माझा प्लॅन एका ओळीचा आहे. तो डिफेन्स जसा 2020 आणि 2021 ला बाजारातून विकत आणला तसाच परत आणा.

पण मग अडतं कुठे? तर बेंगल्सची पद्धत. ही टीम 1968 ला पॉल ब्राउननी सुरू केली, 1991 पासून त्यांचा मुलगा माइक ब्राउन बघतो, आता वय 90, आणि करारांचं काम मुलगी केटी ब्लॅकबर्न. घरचा धंदा आहे, जपून चालवतात, मला त्याबद्दल आदर आहे. फक्त एक जुनी सवय आहे, करारात पहिल्या वर्षापुढचे पैसे सहसा गॅरंटी (प्लेयरला काढलं तरी द्यायचेच) करायचे नाहीत. बरो, चेस असे मोजके अपवाद. आणि चांगल्या फ्री एजंटला समोरची टीम दोन वर्षांची गॅरंटी देत असेल तर तो आपल्याकडे कशाला येईल? लीगचा नियम असाय की पुढच्या वर्षांची गॅरंटी दिली की ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात, म्हणजे रोख लागते, मला कळतं ते. पण मला तीन प्लेयर हवेत, फक्त तीन, आणि त्यातल्या पहिल्या दोघांना तरी दुसऱ्या वर्षाची गॅरंटी द्या.

पहिला, ब्रायन कुक. सेफ्टी, कॅन्सस सिटीचा, करार संपतोय. हा सिनसिनाटीचाच पोरगा, युनिव्हर्सिटी ऑफ सिनसिनाटीला खेळला, 2022 ला दुसऱ्या राउंडला चीफ्सनी घेतला, दोन सुपर बोल जिंकून बसलाय. टॅकल करतो, साधं सरळ, माणूस खाली पाडतो. लव्हलँडच्या त्या धावेत मागे हा असता तर माझ्या मते ती 58 यार्डांची नाही, पंचवीसेकची झाली असती. 11 मार्चची वाट बघायची नाही, आधीचे दोन दिवस एजंटशी बोलायला परवानगी असते, 9 तारखेला पहिला फोन यालाच.

दुसरा, पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, आणि इथे आधी हेंड्रिक्सनचं बोलायला हवं. मनाला लागणारी गोष्ट आहे. 2023 ला 17.5 सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडणं), 2024 ला परत 17.5 आणि लीगमध्ये पहिला. मग कराराचं भांडण लांबलं, शेवटी एका वर्षाचे 30 मिलियन ठरले, आणि 7 सामन्यांनंतर दुखापत, सर्जरी, सीझन संपला. आता वय 31. फ्रँचायझी टॅग (एका वर्षासाठी ठरावीक पैशात प्लेयर राखून ठेवायचा हक्क) लावून अडकवता येईल पण तो आकडा 30 च्या बराच वर जाणार, आणि नाराज माणसाला अडकवून काय मिळवणार. मी त्याला मानानं जाऊ दिलं असतं. त्यानं जे दिलंय ते या शहरात कोणी विसरणार नाही.

त्याच्या जागी जेलन फिलिप्स. मायामीचा होता, सीझनच्या मधेच फिलाडेल्फियाला गेला. 2023 ला टाचेवरची अकिलीस शीर, 2024 ला गुडघ्याचं एसीएल, म्हणजे धोका आहेच, पण 2025 ला धड राहिला आणि क्वार्टरबॅकवर सतत दडपण ठेवलं. बोली फारच चढली तर सिअ‍ॅटलचा बोये माफे, 2023 ला 9 सॅक होते, नंतर आकडे घसरले म्हणून भाव आवाक्यात राहील. दोघांपैकी एक हवाच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. हेंड्रिक्सन गेला की लीग आपल्याला भरपाई म्हणून पुढच्या ड्राफ्टमध्ये जास्तीचा पिक देते, बहुधा तिसऱ्या राउंडच्या शेवटी, आणि आपण बाहेरचे महागडे फ्री एजंट घेतले की हिशोब कटतो आणि तो पिक जातो. बेंगल्सना हे पिक फार प्रिय. पण जरा वर्षं मोजा ना. तो पिक 2027 चा, त्यातून आलेला पोरगा खऱ्या अर्थानं खेळायला लागणार 2028 ला, आणि 2028 च्या डिसेंबरमध्ये बरो 32 चा होईल. गुडघा, मनगट, अंगठा, तीन मोठ्या दुखापती आधीच झाल्यात त्याला. तो पिक जाऊ दे, मला त्याचं काही वाटत नाही.

तिसरा डीजे रीडर. हो, तोच. डेट्रॉइटचा दोन वर्षांचा करार संपलाय, वय 31, एका वर्षासाठी आणा, पूर्ण गॅरंटी द्या, डिफेन्सच्या पहिल्या रांगेत मधे उभा करा. त्याच्या मागे खेळणारे डिमिट्रियस नाइट आणि बॅरेट कार्टर, दोघेही लाइनबॅकर, दोघेही पहिल्याच वर्षी आगीत ढकललेले. समोर दोन माणसं अडवून धरणारा कोणी असला की त्यांना बॉल दिसेल तरी. लोगन विल्सनला नोव्हेंबरमध्ये डॅलसला देऊन टाकलं तेव्हापासून या दोघांना सांगणारं मोठं माणूसच नाही तिथे.

कॉर्नरला (रिसीव्हरला राखणारी जागा) डीजे टर्नर चांगला झालाय, त्याच्याशी आत्ताच लांबचा करार बोलून घ्या, पुढच्या वर्षी महाग पडेल. कॅम टेलर-ब्रिट आणि जीनो स्टोन जाऊ द्या. ऑफेन्सला फार हात लावायचा नाही, बरोला राखणाऱ्या लाइनमधल्या डाल्टन रिसनरला परत सही करून घ्या. फ्लॅकोला विचारा राहतोस का, कारण बरो बाहेर गेल्यावर काय होतं ते मिनेसोटात 48-10 हरलो तेव्हा बघितलंय सगळ्यांनी.

(पडद्यावर: ओहायो स्टेटचं स्टेडियम, कोलंबस)

आणि ड्राफ्टमधला आपला 10 नंबरचा पिक. ओहायो स्टेटचा केलेब डाउन्स. कोलंबस म्हणजे इथून साधारण 100 मैल, पोरगं डोळ्यासमोर खेळलंय. सेफ्टी आहे, आणि सेफ्टीला एवढ्या वर कोणी घेत नाही म्हणून कदाचित 10 पर्यंत येईल. लोक विचारतील कुक घेतला मग परत सेफ्टी कशाला, तर डाउन्स मागे खेळतो, स्लॉटला (आतल्या रिसीव्हरसमोर) खेळतो, लाइनजवळ येऊन टॅकल करतो, डिफेन्स कोऑर्डिनेटर अल गोल्डनला तीन जागी वापरता येईल. तो आधीच गेला तर मायामी युनिव्हर्सिटीचा रुबेन बेन, एज म्हणजे कडेचा पास रशर. दुसऱ्या राउंडला काहीही झालं तरी डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे रीडरचीच जागा, तो एकाच वर्षाचा आहे ना.

अजून एक, यात कॅपचा एक डॉलर लागत नाही. गेल्या वर्षी पहिल्या राउंडचा शेमार स्टुअर्ट करारातल्या एका कलमाच्या शब्दांवरून सही न करता थांबला, वसंतातला सगळा सराव गेला, ट्रेनिंग कॅम्पचे पहिले दिवसही गेले, मग सीझनमध्ये दुखापती. डाउन्स येवो नाहीतर बेन, त्याच्या करारात ते कलम घालूच नका, मे महिन्यात सही घ्या आणि पहिल्या सरावाला मैदानात उभा करा.