सुट्टीत लेकरांना उत्तरं देऊ नका, आधी अंदाज विचारा

नमस्कार मंडळी! एप्रिल सरत आला की माझ्या व्हिडिओंखाली एकच प्रश्न सुरू होतो. "ताई, सुट्टीत लेकरांचा अभ्यास कसा घ्यायचा? जूनपर्यंत सगळं विसरून जातात." परळीहून, हिंगोलीहून, उदगीरहून, पोटासाठी पुण्याला गेलेल्या आपल्या माणसांकडूनसुद्धा. त्यात यंदा मोबाईलवर त्या रंगीत तक्त्यांची लाट आलीय. 'सुट्टीतले पन्नास उपक्रम', रोज एक चौकोन रंगवायचा. इतक्या जणांनी तो तक्ता मला पाठवून "हे चांगलं आहे का" विचारलंय, की म्हटलं आज बसून बोलूच.

नेहमीचं पटकन सांगते. रोज थोडं वाचन, जाता-येता पाढे, आजी-आजोबांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, मामाच्या गावाहून आईला चार ओळींचं पत्र. हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात वेळ घालवत नाही. दीड महिना पुस्तक हातात धरलं नाही तर वाचनाचा वेग मंदावतो, भागाकार डोक्यातून जातो. मी पाचवीला गणित शिकवते, दर जूनमध्ये हे वर्गात बघते. पण जूनमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. काही लेकरं उलट तयार होऊन येतात. ती महागड्या शिबिराला गेलेली असतात असं नाही. त्यांच्या घरी उन्हाळ्याची कामं चाललेली असतात, आणि त्या कामात कुणीतरी त्यांना विचारलेलं असतं, "तुला काय वाटतं, किती होईल?"

आजचा सगळा व्हिडिओ या एका प्रश्नावर आहे. मोजायच्या आधी, बघायच्या आधी, सांगायच्या आधी लेकराचा अंदाज घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण नेमकं इथंच आपण मोठी माणसं घाई करतो.

कुरडयांचं उदाहरण घ्या. आमच्या गल्लीत नुकत्याच झाल्या. गहू तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदललेलं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटलेला. मग वाटायचे, पाण्यात कालवून पिळायचे, गाळायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वर पिवळट निवळी असते आणि तळाला पांढराशुभ्र चीक बसलेला असतो, इतका घट्ट की दाबलं तर बोट रुतत नाही. शेजारची नऊ वर्षांची पोरगी त्या पातेल्यावर वाकून विचारते, "हे खाली कसं काय बसलं?" आणि घरातून उत्तर येतं, "बसतंच ते. हात लावू नकोस."

त्या बाईंचं चुकलं असं नाही म्हणत मी. ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या असतात, माणूस घाईत असतो. पण एक मिनिट लागतं हो! मी त्या पोरीच्या हातात खडू दिला. म्हटलं, वरचं पाणी ओतून दिल्यावर चीक कुठवर असेल? पातेल्याला बाहेरून खूण कर. तिनं निम्म्यावर रेघ ओढली. पाणी ओतलं, तर चीक जेमतेम चार बोटं. पोरगी आपल्या रेघेकडं बघत राहिली आणि मग तिनंच विचारलं, "मग बाकीचा गहू गेला कुठं?" हा प्रश्न मी तिला दिलेला नव्हता. तो त्या रेघेतून आला. मग ती चोथ्याकडं वळली, बोटांत घेऊन ताणून बघितला. त्यात कोंडा आहे आणि गव्हातलं चिवट प्रथिन आहे, त्याला ग्लुटेन म्हणतात. तळाला बसला तो स्टार्च, तो थंड पाण्यात विरघळत नाही म्हणून बसतो. आधणात पडला की फुगतो, घट्ट होतो, त्याचा पांढरा रंग जाऊन पारदर्शक होतो. तिनं ते पातेल्याशी उभं राहून बघितलं आणि तूप-साखर घालून वाटीभर गरम चीक खाल्ला. सहावी-सातवीच्या विज्ञानात हे येईल तेव्हा तिला पाठ करावं लागणार नाही.

आता बघा, मी आधीच सांगितलं असतं, "स्टार्च जड असतो, तळाला बसतो", तर ती "हं" म्हणून खेळायला गेली असती.

इथं एक टिप्पणी घेते, कारण ती दरवर्षी येते. "ताई, मोबाईलवर विचारलं की दोन सेकंदांत उत्तर मिळतं, अंदाज कशाला?" दादा, उत्तर मिळतं हे खरं. पण लेकरानं स्वतःचं काही पणाला लावलेलं नसतं. एकदा त्यानं तोंडानं आकडा सांगितला की त्याला खरं काय ते हवंच असतं, ते तुमच्या मागं लागतं. उत्तर आयतं आलं की ती ओढच राहत नाही. मोबाईल जरूर काढा, पण अंदाज झाल्यावर, मोजून झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

दुसरं ठिकाण, पाणी. आपल्या मराठवाड्यात जुन्या बारवा किती आहेत! परभणी जिल्ह्यात तर पावलोपावली. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव बघून या, गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या आहेत, गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केलीय. तुमच्या गावातलीही चालेल. काठावर उभं राहिल्यावर आपण काय म्हणतो? "लई खोल आहे, मागं सर." मागं सरायला सांगाच, लेकराचा हात सोडू नका, एकट्याला तर पाठवायचंच नाही. पण मग विचारा, किती खोल असेल? आपल्या घराएवढी? पाण्याच्या टाकीएवढी? त्याला आकडा म्हणू द्या. मग एका पायरीची उंची टेपनं मोजा आणि पायऱ्या मोजा. समजा पायरी नऊ इंचांची निघाली आणि तीस पायऱ्या भरल्या, तर 270 इंच, म्हणजे साडेबावीस फूट. गुणाकार झाला, भागाकार झाला, वही उघडावी लागली नाही.

आणि पाण्याचाच हिशोब घरी न्या. आपल्या घरात दिवसाला किती बादल्या लागतात? सगळ्यांनी अंदाज सांगायचा, आजीनं पण. मग एक दिवस खडूनं भिंतीवर रेघा मारत मोजायचं. बहुतेक घरांत बाबांचा अंदाज सगळ्यात कमी निघतो, आणि पाणी भरणाऱ्या बाईचा अगदी जवळ जातो. लेकराला हे कळणं मला गुणाकाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. मग त्याला 2016 ची गोष्ट सांगा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर होतं. इथं थांबा! "बाप रे, केवढं पाणी" असं तुम्ही म्हणू नका. विचारा, एवढं पाणी शहराला किती दिवस पुरेल? लेकरं आठ दिवस म्हणतात, महिनाभर म्हणतात. मग सांगा की लातूरची वस्ती तेव्हा 4 लाखांच्या घरात होती. करा म्हणावं भागाकार. माणशी सव्वा लिटर. एक बाटली. पाचवीचं लेकरू हा भागाकार झाल्यावर नळ बंद करायला स्वतः उठतं, मी बघितलंय.

बीडकडून एका ताईंनी लिहिलंय, ते मला इथं घ्यायचंच आहे. "आम्ही ऊसतोडीहून नुकतेच परत आलो, लेकरांचं वर्ष असंच गेलं, आता सुट्टीत काय शिकवू?" ताई, तुमच्या लेकरांना मोळी उचलल्यावर तिचं वजन कळतं. गाडीत किती टन भरला हे ती नजरेनं सांगतात. शहरातल्या लेकराला टन म्हणजे 1000 किलो हे पाठ करावं लागतं, यांनी तो पाहिलाय. तिथून सुरू करा. एका मोळीचं वजन अंदाजे किती, मग एका टनात मोळ्या किती, मग टनाला मिळालेल्या दरानं एका मोळीचे पैसे किती. लिहायला-वाचायला मागं पडलं असेल तर त्यासाठी शाळेत गुरुजींना जरूर भेटा, ते काम आमचं आहे. पण लेकरू कोरं आहे असं समजू नका, आणि त्याच्यासमोर तसं म्हणू तर अजिबात नका.

आता सहल. "वेरूळ परवडत नाही, आमच्याकडं गाडी नाही", अशा खूप टिप्पण्या आहेत. एसटीनं जा, आणि तिकिटाचा हिशोब लेकराकडं द्या. बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं, 75 च्या पुढच्या आजोबांना काहीच नाही, बाबांना पूर्ण. चौघांचं मिळून किती होईल ते कंडक्टर यायच्या आत सांग म्हणावं. लेण्यांवर पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे घरून निघतानाच बघा. आणि मे महिन्यात सकाळी उघडतानाच पोचा. अकराच्या आत परत सावलीत. पाण्याच्या बाटल्या भरपूर, डोक्याला रुमाल. बारा ते चार कुणीही लेकराला उन्हात फिरवायचं नाही, मग ती जगातली सगळ्यात सुंदर लेणी असली तरी.

वेरूळला 34 लेणी आहेत. सगळी एका दिवसात दाखवायचा हट्ट सोडा. एक बघा, सोळावं, कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं काम. आणि इथं माझा जीव तुटतो. आत पाऊल टाकल्या टाकल्या बाबा सांगून टाकतात, "हे वरून खाली कोरलंय बरं का, आधी कळस मग पाया." संपलं! एका वाक्यात सगळ्या सहलीचं सार ओतून मोकळे. लेकरू मान हलवतं आणि आइस्क्रीम मागतं.

असं करू नका. त्याला अंगणात उभं करा, तिथल्या दगडी हत्तीजवळ. सांगा की हे बांधलेलं नाही, बाहेरून दगड आणून रचलेला नाही. हा सगळा एकच डोंगर होता, लाव्हारसाच्या थरांतून झालेला काळा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. मग विचारा, तू कारागीर असतास तर पहिला घाव कुठं घातला असतास? आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. मिनिट जाईल, दोन मिनिटं जातील. एखादं म्हणेल दारापासून, एखादं म्हणेल समोरून बोगदा करत. लगेच "नाही" म्हणू नका. म्हणा, बरं, मग वरचा दगड कशावर टेकला असता? फोडलेला दगड बाहेर कुठून नेला असता? वरचं कोरताना उभं कुठं राहिला असतास? लेकरू वर बघतं, भिंतीकडं बघतं, आणि कधीतरी त्याच्या तोंडून येतं, "म्हणजे वरून?" मग लेण्याच्या बाजूनं डोंगरावर जाणाऱ्या वाटेनं त्याला वर न्या, कठड्याच्या आत राहून, आणि तिथून खाली दाखवा. तो क्षण तुम्ही आधीच बोलून खर्च करू नका, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.

"पण ताई, आमचा पोरगा अंदाज सांगतच नाही, चुकेल म्हणून घाबरतो." हे लिहिणारे कमी नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. हे शाळेनं केलंय, आम्ही शिक्षकांनी केलंय, चूक म्हटलं की लाल रेघ. घरी त्यावर उपाय आहे. तुम्ही आधी स्वतःचा अंदाज सांगा, आणि मनापासून सांगा, उत्तर माहीत असलेलं सोंग नको. आजीनं सांगावा, काकानं सांगावा. सगळे चुकतात हे दिसलं की ते बोलायला लागतं. परीक्षेसारखं "सांग बरं किती" असं दरडावून विचारायचं नाही. आणि चार चौघांत त्याच्या आकड्याला हसायचं तर बिलकुल नाही, एकदा हसलात की पुढचा अख्खा उन्हाळा ते तोंड उघडणार नाही. दोघंही दिवसभर कामावर असाल तर रात्री जेवताना एक प्रश्न पुरे. आढीतल्या कोणत्या कैऱ्या आधी पिकतील, मधल्या की कडेच्या? टरबूज किती किलोचं भरेल? माठ खिडकीत जास्त गार राहील की कोपऱ्यात? उत्तर सकाळी बघू, म्हणायचं आणि झोपायचं.

त्या पन्नास चौकोनांच्या तक्त्याबद्दल माझं म्हणणं आता कळलं असेल. त्यात चौकोन भरायची घाई असते, लेकराच्या मनात काय आलं ते कुणी विचारत नाही.

जाता जाता एक काम देते, सगळ्या मराठवाड्यानं मिळून करायचं. मे महिन्यात आपल्याकडं एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावलीच दिसत नाही. शून्य सावली. धाराशिवला 12 मेच्या सुमारास, लातूरला 13, बीडला 15, नांदेडला 16, परभणीला 17, हिंगोलीला 18, जालना आणि संभाजीनगरला 19-20. एखादा दिवस मागंपुढं चालतो. जुलैअखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ असतं. दुपारी बाहेर नको हे मी मघाशी सांगितलंय, तेव्हा यासाठी दहाच मिनिटं, डोकं झाकून, अंगणात एक सरळ बाटली किंवा पाइपाचा तुकडा उभा करायचा. आदल्या दिवशी लेकरांना विचारा, सावली किती वाजता नाहीशी होईल? सगळी बारा म्हणतील, तुम्ही पण म्हणाल. हरकत नाही, लिहून ठेवा. बाराला सावली तिथंच असेल. नांदेडला ती सव्वाबाराच्या जरा पुढं जाईल आणि संभाजीनगरला 12 वाजून 25 मिनिटांच्या आसपास. असं का, हे मोठ्या लेकरांना शोधू द्या, नकाशा हातात द्या. फक्त एवढं सांगा की आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि एका अंशाला चार मिनिटं लागतात.

टिप्पणीत गावाचं नाव आणि लेकरानं सांगितलेली वेळ आधी टाका. फोटो दुसऱ्या दिवशी.