वरच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर

मित्रहो, आजच्या विषयाची सुरुवात मी एका जिन्यापासून करणार आहे. काठमांडू खोऱ्यातल्या पाटण शहरात, दरबार चौकापासून हाकेच्या अंतरावर, नेवार या तिथल्या मूळच्या समाजाच्या जुन्या घरात चालवलेल्या एका छोट्या अतिथिगृहात मी उतरलो होतो. जिना शिडीसारखा उभा होता, पायरी जेमतेम पाऊल मावेल एवढी होती आणि वर पोहोचता पोहोचता माझे कपाळ तुळईवर असे आपटले की खाली मालकीणबाईंना आवाज गेला. ‘दाइ, निहुरेर!’ त्या म्हणाल्या. म्हणजे, ‘दादा, वाकून!’ या घरांमध्ये माळ्याची उंची सहा फुटांच्या आसपास असते, त्यामुळे पुढचे चार दिवस मी वाकूनच वावरलो. पण वारसा जपणाऱ्या हॉटेलात राहण्याचा खरा लाभ मला त्या वाकण्यातच झाला असे वाटते, कारण संग्रहालयात घर आपण डोळ्यांनी पाहतो आणि मुक्कामाला गेलो की ते आपल्याला पाठीला आणि गुडघ्यांना कळते.

आपल्या पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यात परका माणूस ढेलजेत थांबतो, ओळखीचा सोप्यापर्यंत येतो, माजघर घरच्यांचे असते आणि स्वयंपाकघर व देवघर त्याच्याही पलीकडे असतात. सोवळे जितके कडक, तितके घरात आत शिरावे लागते. नेवारांच्या दाटीवाटीच्या शहरांत आत शिरायला जागाच नाही, म्हणून हीच उतरंड त्यांनी उभी करून ठेवली. रस्त्यालगतच्या तळमजल्याला ‘छेली’ म्हणतात. तिथे दुकान किंवा कोठार असते. त्यावरचा ‘मातँ’ निजण्याचा, त्यावरचा ‘चोटा’ बसण्याउठण्याचा, आणि अगदी वर, उतरत्या कौलांखाली, ‘बैगः’. चूल आणि देव या सर्वांत वरच्या मजल्यावर असतात. जातीबाहेरच्या पाहुण्याचे पाऊल पूर्वी तिथवर पोहोचत नसे.

आता याच घराचे हॉटेल होते तेव्हा काय घडते ते पाहा. स्वयंपाकघर सोयीसाठी खाली येते, आणि बैगःमध्ये, जिथून देवळांची शिखरे आणि आभाळ स्वच्छ असेल तर हिमालयाची रांग दिसते, तिथे सर्वांत महागडी खोली होते. ज्या जागी परक्याला मज्जाव होता, तीच जागा आता परक्यासाठी राखलेली असते. मला याचे वाईट वाटत नाही. घरात संडास-न्हाणीघरे बसवावी लागतात, विजेच्या तारा फिरवाव्या लागतात, तसाच हाही एक बदल आहे. मात्र भिंती, खांब आणि खिडक्या जशाच्या तशा राहूनही घराचा क्रम उलटा झालेला आहे, एवढे राहणाऱ्याला ठाऊक असावे.

काठमांडूच्या बत्तीसपुतली भागातल्या द्वारिकाज् हॉटेलची गोष्ट याहून निराळी आहे. १९५२ साली द्वारिकादास श्रेष्ठ सकाळी धावायला निघाले असताना, पाडलेल्या एका जुन्या घराच्या खांबाचा नक्षीकाम केलेला भाग सुतार करवतीने कापून टाकत असल्याचे त्यांनी पाहिले. त्यांनी सुतारांना नवे लाकूड देऊन तो खांब घेतला आणि पुढची कितीतरी वर्षे ते असेच खांब, चौकटी आणि खिडक्या गोळा करत राहिले. तो संग्रह नव्या इमारतींत बसवत बसवत हॉटेल वाढले, आणि त्यासाठी लाकूडकामाची व विटांची जुनी कारागिरी तिथेच पुन्हा शिकवावी लागली. ते जुने घर नव्हे, हे मान्यच आहे. पण त्या खिडक्यांपुढे दुसरी वाट चुलीत जाण्याची होती.

त्या विटेबद्दल थोडे सांगतो, कारण एरवी तिच्याकडे लक्ष जात नाही. दर्शनी भिंतीला लावतात ती ‘दाची अपा’. तिचा पुढचा चेहरा तुकतुकीत असतो आणि मागे ती पाचरीसारखी निमुळती होत जाते. त्यामुळे मातीचा गारा मागच्या पोकळीत राहतो आणि पुढे वीट विटेला भिडते. उरलेली बारीक फट साल वृक्षाची राळ आणि मोहरीचे तेल यांच्या लुकणाने बुजवतात. मी भिंतीवरून नख फिरवून पाहिले, सांधा हाताला लागला नाही. खिडकीच्या जाळीचेही तसेच आहे. ‘टिकिझ्या’ची जाळी लाकडाचे लहान लहान तुकडे एकमेकांत अडकवून उभी करतात, तिला ना खिळा, ना सरस. आतून सगळी गल्ली दिसते, गल्लीतून आतले कोणी दिसत नाही.

ही घरे टिकत का नाहीत, याचे उत्तर बहुतेक जण भूकंप असे देतात. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने खोऱ्यातली अनेक घरे पाडली, हे खरेच आहे. पण त्याआधी कितीतरी घरे वाटणीने पाडली होती. तिथे भावाभावांत घर उभे चिरले जाते; प्रत्येकाच्या वाट्याला तळापासून कौलापर्यंतची एक फाक येते, कधी एका खिडकीच्या रुंदीची. मग एक भाऊ आपली फाक पाडून तिथे काँक्रीटचा मनोरा उभारतो आणि शेजारच्या फाकेची भिंत उघडी पडते. आपल्याकडच्या वाड्यांचे भाडेकरू, भाऊबंदकी आणि बिल्डर यांच्यात काय झाले ते आठवा, म्हणजे अधिक सांगावे लागणार नाही. अशा वेळी पाहुण्यांच्या भाड्यातून कौले शाकारण्याचा खर्च निघत असेल, तर घर न पाडण्याचे एक रोकडे कारण मालकाच्या हाती येते. काठमांडू खोरे १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण त्या यादीने कोणाचे गळके छप्पर दुरुस्त होत नाही.

याउलट, काँक्रीटच्या सांगाड्याला पातळ विटा चिकटवून आणि यंत्रावर कोरलेल्या खिडक्या टांगून ‘नेवारी शैली’ विकणारी ठिकाणेही खोऱ्यात पुष्कळ आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. तुळई भिंतीतून बाहेर येते तिथे पाहावे. जुन्या बांधणीत तिथे ‘चुकुल’, म्हणजे लाकडी खुंटी, ठोकलेली असते आणि ती तुळईला भिंतीशी धरून ठेवते. नकली घरात तिथे धरून ठेवण्यासारखे काही नसतेच.

मुक्कामाला जाणार असाल तर माझी एक सूचना आहे. बैगःमधली खोली मागू नका. चोट्यावरची, रस्त्याच्या बाजूची मागा. तिथे ‘सँझ्या’ असते, बाहेर झुकलेली तीन कप्प्यांची खिडकी. तिच्या आतल्या कट्ट्यावर बसून घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या रस्ता पाहत आले. उन्हाळ्यात पाटणमध्ये रातो मच्छिंद्रनाथाचा रथ ओढतात. आपल्या नवनाथांतल्या मच्छिंद्रनाथांचे नाव लागलेला हा देव तिथल्या बौद्धांचा करुणामय लोकेश्वरही आहे. रथावरचा वेताने बांधलेला उंच मनोरा डुलत डुलत गल्लीतून येतो, आणि घरमालकाचे सगळे गोत त्या दिवशी याच खिडकीत दाटते. तुम्ही भाडे भरलेले असले तरी त्या वेळी थोडे सरकून त्यांना जागा करून द्यावी लागते. मी सरकलो, तेव्हा मांडीवर एक मूल आणि हातात बजि, म्हणजे आपले पोहे, आणि काळ्या सोयाबीनचे दाणे भरलेले पान आले.