इंजिनाची जागा मागून ठरते

मंडळी, जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकताना सुरुवात नेहमी पुढून होते. बॉनेट काढायचं, इंजिन साखळीवर टांगायचं, रेडिएटर आणि फायरवॉल यांच्यामध्ये जिथे मावेल तिथे उतरवायचं आणि फाउंडेशनच्या (इंजिन ज्यावर बसतं त्या आधारांच्या) पट्ट्या वेल्ड करून टाकायच्या. पुढचे सहा महिने मग दुखणी निस्तरण्यात जातात: साठच्या वेगाला थरथर, क्लचचा आवाज, चेंबरवर (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर) ओरखडे. आज मी मांडणार आहे ते एवढंच, की इंजिन कुठे बसणार हे बॉनेट ठरवत नाही, मागचं हाऊसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला अ‍ॅक्सलचा सांगाडा, ठरवतं.

उदाहरणाला अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी घेऊ. दोन्हींत इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आणि वेगळी चॅसी नाही. हिंदुस्थान मोटर्सनेही पुढे १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाऐवजी इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन दिलं, तेव्हा सोबत पाच गिअरचा बॉक्सही दिला. आपणही तेच करावं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून उचलले तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

जुनाच गिअरबॉक्स ठेवायचा हट्ट असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट येते, आणि इथे कारागीर फसतो. बेलहाऊसिंगचे (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या भागाचे) बोल्ट फक्त आवळतात. दोन्ही भाग एका रेषेत आणायचं काम दोन डॉवेल पिनांचं असतं. क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) डायल गेज लावा आणि क्रँक फिरवून बेलहाऊसिंगचं मधलं भोक तपासा. काटा एका फेरीत पाव मिलिमीटरहून जास्त हलला तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आणि पायलट बुश (क्रँकच्या टोकातला, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारा) लवकर जाणार. त्याहून कमी असेल तर उत्तमच. प्लेट जितकी जाड, तितका इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत कमी शिरतो. आणि ती फारच पातळ असेल तर शाफ्टचं टोक क्रँकला जाऊन टेकतं. सेल्फचा दात फ्लायव्हीलच्या रिंगवर किती खोल बसतो, तेही याच वेळी बघून घ्या. नंतर बघायचं तर सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर नको, स्टँडवरही नको. अर्धी टाकी पेट्रोल आणि पुढच्या सीटवर दोन माणसांच्या वजनाच्या गव्हाच्या गोण्या. हवेत लोंबकळणाऱ्या हाऊसिंगचा कोन रस्त्यावरच्या कोनापेक्षा कितीतरी वेगळा असतो, म्हणून हा खटाटोप. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज घ्या आणि हाऊसिंगच्या पिनियनचा (गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात त्या टोकाचा) उतार मोजा. मग गिअरबॉक्सची शेपटी त्याला समांतर येईल असं इंजिन जॅकवर धरा. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) वाकड्या कोनात फिरला की प्रोपेलर शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर पुढचा चढउतार मागचा क्रॉस खोडून काढतो. सारखे नसले तर थरथर राहतेच, बॅलन्सिंग कितीही करा.

प्रत्येक क्रॉसवर एक ते तीन अंश कोन ठेवावा. शून्य ठेवणं हीसुद्धा चूकच आहे: कोन नसला तर क्रॉसच्या सुया एकाच जागी दाबून राहतात आणि तिथे खड्डे पाडतात. पाट्यांच्या गाडीत आणखी एक भानगड असते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत ते समांतरापेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतात. पाटा आणि हाऊसिंगच्या बैठकीमध्ये तिरकी पाचर घालून हे साधतं, पण पाटा बांधणारा मधला बोल्ट तेवढ्या लांबीचा घ्यायला विसरू नका.

इंजिन डावी-उजवीकडे दहा-पंधरा मिलिमीटर सरकवायला हरकत नाही, फक्त ते गाडीच्या मध्यरेषेला समांतर राहिलं पाहिजे. स्टीअरिंगच्या दांड्याला जागा द्यायला म्हणून त्याला तिरकं करू नका.

जागा ठरली की प्रोपेलर शाफ्ट कापायचा. सरकणारा योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) पूर्ण आत ढकला, मग वीस-पंचवीस मिलिमीटर बाहेर ओढा, आणि त्या स्थितीत लांबी घ्या. वेल्ड करताना दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत राहिले पाहिजेत. लेथवर फिरवल्यावर नळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डगमगत असेल तर बॅलन्सिंगला पाठवण्याआधी ती सरळ करून घ्या.

यानंतर इंजिन चालताना कसं हलतं ते बघू. बहुतेक इंजिनं पुढून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. पाय दिला की ब्लॉक उलट्या दिशेने पिळतो: ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलं तर डावी बाजू वर, उजवी खाली. म्हणून डावीकडचं फाउंडेशन ताणाखाली येतं आणि फाटलं तर आधी तेच फाटतं. उजवीकडे आपला स्टीअरिंगचा दांडा. सायलेन्सरचा पाइप त्याच बाजूने उतरत असेल तर उभ्या गाडीत दिसणारी दहा मिलिमीटरची फट कामाची नाही. हलणाऱ्या भागांभोवती पंचवीस तरी ठेवा. ब्रेकच्या नळ्या गरम पाइपपासून पन्नास मिलिमीटर दूर हव्यात, किंवा मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, तोही दोन्हीकडून हवा खेळेल असा.

बॉनेटखालची उंची मोजायला घरातली कणीक पुरते. एअर फिल्टरवर गोळा ठेवा, बॉनेट लावा, उघडा, आणि चपटा झालेला गोळा पट्टीने मोजा.

चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला अडत असेल तर तो कापून त्याचा खोलगट भाग दुसरीकडे सरकवता येतो. कापण्याआधी पाणी भरून त्यात किती लिटर मावतं ते मोजा आणि नंतर तेवढंच मावेल असं ठेवा. तेल ओढणारी जाळी तळापासून सहा ते दहा मिलिमीटर वर असावी. वेल्ड झाल्यावर केरोसीन भरून रात्रभर ठेवायचं. पाणी जिथे थांबतं तिथून केरोसीन झिरपतं. डिपस्टिकची जुनी खूण आता खोटी झाली. मोजून तेल घाला आणि नवी खूण करा.

क्लचचा हिशेब कागदावर होतो. एकोणीस मिलिमीटर व्यासाचा मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) तीस मिलिमीटर दाबला आणि खाली बावीसचा स्लेव्ह (क्लचकडचा) असला, तर रॉड सुमारे बावीस मिलिमीटर सरकतो. नव्या क्लचला किती लागतं ते आधी मोजा, मग सिलिंडर विकत घ्या.

आता नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, आणि इथे गाडी रस्त्यात थांबते ती बहुतेक एका कारणाने. नवं इंजिन उंच असलं की त्याचं डोकं जुन्या रेडिएटरच्या तोंडापेक्षा वर जातं. पाणी भरताना हवा वरच अडकते आणि गेज थंड दाखवत असतानाच हेड तापतो. सगळ्यात उंच जागी वेगळी टाकी बसवा आणि पाणी तिथून भरा. जास्त दाबाचं झाकण लावलं तर दर पीएसआयला (हे दाबाचं एकक) उकळण्याचा बिंदू साधारण दीड-पावणेदोन अंशांनी वाढतो, हे खरं. पण चार किंवा सात पीएसआयवर चाललेल्या जुन्या डाखीच्या रेडिएटरला तेराचं झाकण लावलं की सांधे सुटतात. पंखा विजेचा असेल तर त्याला कवच हवंच. उघडा पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो, कोपरे तसेच तापलेले. असा पंखा पंधरा-वीस अँपिअर खातो. जुना डायनॅमो एकूण बावीसच्या आसपास देतो. दिवे लावून संध्याकाळी सीताबर्डीच्या गर्दीत अडकलात की बॅटरी रिकामी होत जाणार. अल्टरनेटर आणि रिले घ्या.

कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं तर पेट्रोलचा दाब पाव बारवरून तीन बारवर जातो. जुना रबरी पाइप तिथे चालणार नाही. टाकीकडे परतीची नळी लागेल, आणि वळणावर पंपाच्या तोंडाशी पेट्रोल राहावं म्हणून आत आडपत्रे.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत विचारा, त्याचं बिल जपा, विमा कंपनीलाही कळवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची २०२१ ची ‘व्हीए’ मालिका मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. इंजिन बदलून तिची आशा धरू नका.

शेवटी इंजिन ते बॉडी अर्थिंगची जाड पट्टी. रबरी फाउंडेशनवर बसलेलं इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. पट्टी विसरली तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, केबल तापते आणि अडकते. चाचणीला निघाल्यावर आठवड्याभरात अ‍ॅक्सिलरेटर जड वाटायला लागला, तर कार्बोरेटर उघडण्याआधी ही पट्टी बघा.