कॉफीची चक्की आणि ज्वालामुखीची राख

नमस्कार श्रोतेहो.

आज दळणाचा विषय आहे. गव्हाचं नव्हे, कॉफीचं दळण. तऱ्हेतऱ्हेच्या बिया एकाच चक्कीत नीट दळल्या जाव्यात, तर त्या चक्कीत काय सुधारावं लागेल?

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कॉफीची बी दळता येते का? येते. पंधरा सेकंदांत पूड होते, घरभर वासही सुटतो. पण ती पूड चिमटीत धरून बघा. त्यात मैदा सापडेल, रवा सापडेल आणि मधूनच मसुरीच्या डाळीएवढा तुकडाही सापडेल. पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. समोर आलेला दाणा दहादा तुटतो आणि निसटलेला तसाच राहतो. ही पूड फिल्टरमध्ये घातली की मैदा भोकं बुजवतो आणि डिकॉक्शन अडून बसतं. डाळीएवढे तुकडे आतून कोरडेच राहतात. एकाच पेल्यात कडूपणाही येतो आणि पचपचीतपणाही.

चक्की चालते जात्यासारखी. दोन दातेरी भाग, त्यांच्यामध्ये फट, आणि त्या फटीतून जाईल एवढाच कण खाली पडणार. आत दातेरी शंकू, बाहेर दातेरी कडं. या जोडीला बाजारात बर म्हणतात. फट जेवढी, कण तेवढा. आजच्या भाषणातले दोनच शब्द लक्षात ठेवा: फट आणि ओल. पुन्हा सांगतो, फट आणि ओल.

आता बिया. आपल्याकडे चिकमगळूर आणि कोडगूकडून अराबिका येते. ती लांबट, चपटी, पोटावर नागमोडी चीर असलेली. रोबस्टा गोलसर, तिची चीर सरळ. पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच बी धरलेली, वाटाण्यासारखी गोल. आणि मॉन्सून्ड मलबार. ही बी मंगळूरकडच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर पसरून ठेवतात. ती फुगते, फिकट होते, तिचा आंबटपणा जातो. ज्या हवेनं आपले पापड सादळतात, त्याच हवेवर तिकडे कॉफी मुद्दाम सादळवतात.

मग प्रत्येक बीला वेगळी चक्की हवी का? दुकानदार हो म्हणेल. खरं उत्तर असं आहे की बी कुठल्या मळ्यातली, हे चक्कीला कळत नाही. भाजणी कशी झाली, ते कळतं. याचा पुरावा एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट सुरू होते ज्वालामुखीपासून.

इसवी सन 79. इटलीतला व्हेसुव्हियस फुटला. धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानं पुढे पत्रात लिहून ठेवलं की काळ्या ढगात आगीचे लोळ चमकत होते, विजेसारखे, पण विजेहून मोठे. आइसलंडचा ज्वालामुखी 2010 साली फुटला आणि युरोपातली विमानं जमिनीवर बसली, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. त्या राखेच्या ढगातही विजा चमकताना लोकांनी टिपल्या. पावसाचा ढग नसताना वीज कुठून आली? राखेतून. आतला तप्त रस फुटून त्याचे बारीक कण होतात, ते एकमेकांवर घासतात, घासताना विजेचा भार इकडून तिकडे जातो. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, त्याचीच ही थोरली आवृत्ती.

या राखेच्या विजेचा अभ्यास करणारे एक शास्त्रज्ञ आहेत जोशुआ मेंडेझ हार्पर. आणि अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात एक रसायनतज्ज्ञ आहेत ख्रिस्तोफर हेंडन. त्यांच्या संशोधनाचा एक विषय कॉफी. एकाचा धंदा खडक फुटून राख होण्याचा, दुसऱ्याचा बी फुटून पूड होण्याचा. आता सांगा, फरक काय? टणक वस्तू फुटते, कण घासतात, भार चढतो. ज्वालामुखी मोठा, चक्की छोटी.

चक्की वापरणाऱ्याला हा भार रोज दिसतो, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. पूड डब्यात पडायच्या ऐवजी तोटीला चिकटते. ओट्यावर उडते. बीवरचं पातळ साल प्लास्टिकच्या झाकणाला जाऊन बसतं, झटकलं तरी सुटत नाही. पुडीचे गोळे होतात. हे सगळं त्या विजेचं काम.

या मंडळींनी काय केलं, तर चक्कीतून पडणारी पूड एका धातूच्या भांड्यात झेलली आणि त्या भांड्याला भार मोजायचं यंत्र जोडलं. या भांड्याला फॅरडेचा पेला म्हणतात. मायकेल फॅरडेनं 1843 साली चक्क बर्फ ठेवायची बादली घेऊन भार मोजण्याचा प्रयोग केला होता, त्याच बादलीचा हा वंशज. मला विचाराल तर शाळेत फॅरडे शिकवताना आधी ही बादली दाखवावी, सूत्रं मागाहून. असो.

तर वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या रीतीनं वाळवलेल्या, वेगवेगळ्या भाजणीच्या कॉफ्या दळल्या आणि प्रत्येकीचा भार मोजला. निष्कर्ष 2023 च्या डिसेंबरात ‘मॅटर’ या नियतकालिकात आले. बी कुठल्या देशातली? भाराशी संबंध सापडला नाही. धुऊन सोललेली की फळासकट वाळवलेली? संबंध नाही. संबंध सापडला तो तीन गोष्टींशी: भाजणीचा रंग, बीच्या आत उरलेली ओल आणि दळण किती बारीक. गडद भाजलेली, कोरडी झालेली बी ऋण भार घेते. हलकी भाजलेली, आत ओल राखून असलेली बी धन भार घेते. आणि दळण जितकं बारीक, तितका भार जास्त.

हे ऐकून जुनी खोड आठवावी. घरी कॉफी दळणारे शौकीन कैक वर्षं दळण्याआधी बियांना पाण्याचा एखादा थेंब लावत आले आहेत. का, ते नेमकं सांगता येत नव्हतं. पूड चिकटत नाही एवढं माहीत. या प्रयोगात तेही तपासलं. ग्रॅमला साधारण 20 मायक्रोलिटर पाणी घातलं की भार जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे 20 ग्रॅम बियांना चार दशांश मिलिलिटर, ड्रॉपरचे सात-आठ थेंब.

आणि गंमत पुढेच आहे. पाणी लावून दळलेल्या आणि कोरड्या दळलेल्या पुडीची एस्प्रेसो, म्हणजे पुडीतून दाबानं गरम पाणी ढकलून काढलेली कॉफी, एकाच मापानं काढली. ओल्या दळणाची कॉफी सावकाश उतरली आणि जास्त दाट झाली. बी तीच, वजन तेच, चक्की तीच. कोरड्या पुडीत भारामुळे गोळे होतात, गोळ्यांच्या मधून पाणी पळवाटा शोधतं आणि बरीचशी पूड न भिजताच राहते. गोळे मोडले, पळवाटा बुजल्या, अर्क वाढला. राखेच्या ढगातली वीज मोजणाऱ्या माणसाच्या हातून कॉफी दाट झाली!

त्याआधी 2016 साली हेंडन सहलेखक असलेला आणखी एक अभ्यास आला होता. त्यात इथिओपिया, टांझानिया, ग्वातेमाला आणि एल साल्वादोर या चार देशांतल्या बिया एकाच चक्कीत दळल्या, तर कणांच्या आकारात म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो बीच्या तापमानानं. गार बी जास्त बारीक आणि जास्त एकसारखी फुटते. म्हणून पुन्हा सांगतो, बी कुठली ते नंतर, आधी भाजणी विचारा.

आता हाताशी वेळ थोडा आहे, तेव्हा चक्कीकडे झटपट जाऊ. काय सुधारायचं?

पहिलं, फट हलता कामा नये. स्वस्त हातचक्कीत शंकूचा दांडा खाली मोकळा लोंबतो. हलकी भाजलेली टणक बी आली की शंकू एका बाजूला ढकलला जातो, एकीकडे फट वाढते, दुसरीकडे मिटते, आणि पुन्हा मैदा-रवा एकत्र. दांड्याला वर एक आणि खाली एक, असे दोन बॉल बेअरिंग हवेत आणि दोन्ही एकाच धातूच्या चौकटीत बसवलेले हवेत. चौकट प्लास्टिकची असेल तर बेअरिंगचा उपयोग नाही. सपाट चकत्यांची चक्की असेल तर चकतीच्या कडेला मार्करनं रेघ मारा, चकत्या अगदी हलक्या टेकेपर्यंत जवळ आणा आणि हातानं फिरवा. शाई सगळीकडून पुसली गेली तर चकती सरळ. एकाच बाजूनं पुसली तर ती बाजू उंच. मग समोरच्या बाजूच्या स्क्रूखाली स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घाला. ती फॉइल दहा-वीस मायक्रॉनची असते, इथे तेवढीच लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

दुसरं, फट मोजून बदलता यावी. चकलीच्या सोऱ्यासारखे आटे असतात. एका फेऱ्यात कडं 1 मिलिमीटर सरकत असेल आणि फेऱ्याला 40 टिचक्या, म्हणजे टक्-टक् वाजणारे थांबे, असतील, तर एका टिचकीला 25 मायक्रॉन. शंकूच्या उतारामुळे फट त्याहूनही कमी बदलते, ते चांगलंच. फिल्टरसाठी बारीक रव्यासारखी पूड, फ्रेंच प्रेससाठी जाड रव्याहून भरड, तुर्की कॉफीला मैदा. आणि एस्प्रेसो काढताना भाजणी बदलली की टिचक्या बदलायच्या: गडद बी ठिसूळ, धूळ जास्त करते, तेव्हा दोन-तीन टिचक्या भरडीकडे. हलकी बी टणक, ती बारकाईकडे.

तिसरं, तोंड. इथे मात्र बीचा आकार महत्त्वाचा. ए ग्रेडची बी 17 नंबरच्या चाळणीवर राहते, म्हणजे साधारण साडेसहा-पावणेसात मिलिमीटर रुंद. फुगलेली मॉन्सून्ड त्याहून मोठी. शंकूचा वरचा पिळा उथळ असेल तर मोठी बी आत शिरतच नाही आणि गोल पीबेरी लाह्यांसारखी वर उडत राहते. वरचे पिळे खोल आणि विरळ हवेत, खालचे दाट. शिवाय तोंडावर बदलता येईल अशी चकती द्यावी: पीबेरीला आणि टणक बीला अरुंद भोक, मॉन्सून्डला रुंद. जात्यात आपण मुठीमुठीनं घास घालतो, सगळं दळण एकदम ओतत नाही. एकदम ओतलं की दाणे एकमेकांना चिरडतात आणि धूळ वाढते.

चौथं, ओल. बरेच जण म्हणतात, तोटीला अर्थिंग द्या. तोटी धातूची असावीच, पण अर्थिंग तोटीवरचा भार नेतं, कॉफीच्या कणावरचा नाही. तो कण वीज वाहू देत नाही. कणावरचा भार उतरतो पाण्यानं. म्हणून बियांचा मोठा साठा डोक्यावर नको. एका वेळच्या 20 ग्रॅम बिया वाटीत घ्या, थेंब टाका, हलवा, लगेच दळा. पूर्ण सात थेंब नको वाटले तर ओला चमचा फिरवला तरी फरक दिसतो. साठ्याच्या भांड्यात पाणी कधीच घालू नका. आणि दाते स्टेनलेस स्टीलचे घ्या. कोकणात, मुंबईत साधं पोलाद गंजतं. बी फ्रीझरमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्याबरोबर दळा, नाहीतर दमट हवेत तिच्यावर दव धरतं आणि थेंबाचा हिशेबच चुकतो.

पाचवं, उघडता आलं पाहिजे. गडद बीचं तेल दातांवर बसतं, चार-सहा आठवड्यांत खवट वास येतो. वरचं कडं हातानं निघालं पाहिजे, ब्रश फिरला पाहिजे. हल्ली वस्तू स्क्रूऐवजी गोंदानं चिकटवतात, याला माझा सक्त विरोध. पूर्वी जात्याला टाकी लावणारे दारावर यायचे, बोथट दगड पुन्हा खरखरीत करून द्यायचे. आता गल्लीत ती हाक ऐकू येत नाही, निदान दाते तरी बदलता येऊ द्या. कच्चे तांदूळ दळून चक्की साफ करू नका. तांदूळ टणक, दात्यांची धार जाते आणि पिठूळ राप मागे राहतो.

केलेली सुधारणा तपासायची कशी? दोन चाळण्या घ्या, एक 800 मायक्रॉनची, एक 400 ची. फिल्टरच्या मापावर 20 ग्रॅम दळा, पाच मिनिटं चाळा, तिन्ही ढीग तोला. मधला ढीग वाढला तर फट सुधारली. हेच हलक्या भाजणीवर करा, मग गडद भाजणीवर. दोन्हींत मधला ढीग मोठा आला, तरच चक्की जमली म्हणायची.

चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी, या चक्कीत घालायची नाही. ती हवेतली ओल ओढून चिकट होते, तयार पूडच आणा आणि नंतर मिसळा. मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी असा आपल्याकडे नियम आहे, तेव्हा पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत जा. आणि आपल्या घरातलं जायफळ? ते तेलकट असतं, एकदा दात्यांना लागलं की पुढच्या दहा कॉफ्यांना त्याचाच वास. जायफळ किसणीवर, थेट पेल्यात.

नमस्कार.