बीकन घेण्याआधी एक प्रश्न

(छत्रपती संभाजीनगर येथे डोंगरभटक्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तीन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता आम्ही आठ जण सुतोंड्याला गेलो होतो. सोयगाव तालुक्यातला हा किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. उतरताना एकाचा पाय शेवाळलेल्या कातळावरून सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. आठ मोबाइल होते, रेंज एकालाही नव्हती. दोघं खाली पळाले, गावातून माणसं आणि एक बाज घेऊन वर आले. बाजेला दोऱ्या बांधल्या, त्यावर घोंगडी टाकली आणि चौघांनी खांद्यावर घेऊन त्याला उतरवलं. सगळं मिळून साडेचार तास गेले. त्या गावकऱ्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

तिथं खाली गाव होतं म्हणून निभावलं. आता तुमच्यातले काही जण लडाखला, स्पितीला निघालेत. तिथं एखाद्या खिंडीपासून पुढचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर असतं. म्हणून ‘सर, कोणता बीकन घ्यावा?’ असं मला वारंवार विचारलं जातं. बीकन म्हणजे मोबाइलला रेंज नसतानाही उपग्रहामार्फत मदतीची हाक देणारं छोटं यंत्र.

या यंत्रांच्या दोन जाती आहेत आणि त्यांत गल्लत होते. पहिली जात म्हणजे वैयक्तिक बीकन, पर्सनल लोकेटर बीकन किंवा पीएलबी. अँटेना उघडायचा, बटण दाबायचं, की तो ४०६ मेगाहर्ट्झवर पाच वॉटच्या ताकदीनं साधारण दर पन्नास सेकंदांनी हाक देतो. हाकेत त्या यंत्राचा क्रमांक असतो आणि जीपीएस असेल तर ठिकाणही. ही हाक कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह ऐकतात. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यासाठी एकत्र आले. १९८२ मध्ये पहिला उपग्रह गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडाच्या डोंगरात कोसळलेल्या छोट्या विमानातले तिघे याच यंत्रणेमुळे सापडले. आपल्याकडे ही हाक इस्रोच्या बंगळूरुमधल्या केंद्रात येते आणि तिथून बचाव समन्वय केंद्रांकडे जाते. याला महिन्याचं भाडं नाही. बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहते आणि एकदा बटण दाबलं की किमान २४ तास चालते. शोधपथक जवळ आलं की १२१.५ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या संदेशावरून ते तुमच्यापर्यंत पोचतं. मात्र ‘पाय मोडलाय, बाकी ठीक आहोत’ एवढं सांगायची सोय त्यात नाही.

दुसरी जात उपग्रह-मेसेंजरची. गार्मिन कंपनीचा इनरीच हा असाच मेसेंजर, तो इरिडियम कंपनीच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालतो. त्यातून लिहिता येतं, उत्तरही येतं. जखमीजवळ बसलेल्या माणसाला ‘निघालोय’ हा एक शब्द किती बळ देईल, ते सुतोंड्याच्या त्या साडेचार तासांत मला कळलंय. पण त्याला वर्गणी लागते, बॅटरी चार्ज करावी लागते आणि खोल दरीत संदेश जायला वेळ लागतो.

आता जे सांगतो ते कान देऊन ऐका, कारण यात नुकसान मोठं आहे. परवान्याशिवाय उपग्रह-फोन किंवा असा मेसेंजर भारतात बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या गिर्यारोहकांना, धावपटूंना विमानतळावर अडवून गुन्हे दाखल झालेले आहेत. अमेरिकेतला भाचा दिवाळीला येताना इनरीच घेऊन येतो म्हणाला, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. परवानगीचा उपग्रह-फोन हवा असेल तर बीएसएनएलमार्फत इनमारसॅट या उपग्रहसेवेचा मिळतो, तोही दूरसंचार विभागाच्या मंजुरीनंतरच. पीएलबीसुद्धा रेडिओ लहरी सोडणारं यंत्रच आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी दूरसंचार विभागाला लेखी विचारा. आणि पीएलबीच्या क्रमांकात देशाचा आकडा कोणता भरलाय ते पाहा. भारताचा ४१९ आहे. दुसऱ्या देशाचा असेल तर तुमची माहिती त्या देशाच्या नोंदवहीत शोधली जाईल, आणि तिथं तुमचं नावच नसेल.

नोंदणी हा या सगळ्याचा गाभा आहे असं मी मानतो. बीकनच्या क्रमांकासोबत तुमचं नाव, पत्ता आणि संकटात कुणाला फोन करायचा ते नंबर नोंदवायचे असतात. हाक आली की समन्वय केंद्र आधी त्या नंबरवर फोन लावतं. हा माणूस खरंच डोंगरात आहे का, किती जण आहेत, कुठून कुठं निघाले, हे विचारतं. पलीकडून ‘तो तर ऑफिसच्या कामाला गेलाय’ असं उत्तर आलं, तर विचार करा काय होईल. म्हणून वजन, किंमत, रंग या गोष्टी नंतर. आधी ठरवा, तुमचा फोन कोण उचलणार?

परवाना आणि यंत्र मिळायला वेळ लागेल, पण हे ठरवायला परवाना लागत नाही. सुतोंड्यानंतर मी ते ठरवलं. माझा मोठा भाऊ पैठणला दुकान चालवतो. अनोळखी नंबरही तो उचलतो, दुकानदाराला ते करावंच लागतं. प्रत्येक ट्रेकआधी मी त्याला एक कागद देतो. वाट, मुक्काम, परतीचा दिवस, सोबत्यांची नावं, त्यांच्या घरचे नंबर, कुणाला दमा आहे, कुणाला शुगर आहे, तंबू कोणत्या रंगाचा. कोणत्या वेळेपर्यंत आमचा फोन आला नाही तर ११२ लावायचा, तेही लिहिलेलं असतं. भाऊ तो कागद गल्ल्याशेजारच्या काचेखाली सरकवून ठेवतो. मी परतल्याचा फोन केला की काढून फाडतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हिमाचलला निघालो, तर रात्री दहाला त्याचाच फोन आला. म्हणाला, ‘अरे, कागदावर तंबू निळा लिहिलाय. वहिनी म्हणते तू नवा नारिंगी घेतलास. कोणता खरा?’