गिलावा ओला आहे तोवर

(दृश्य: करणीवर चुन्याचा गोळा. भिंतीवर पहिला फराटा.)

हा आवाज करणीचा. ओला चुना भिंतीवर ओढला जातोय. भिंतीवरच्या चित्राची सुरुवात इथे होते. रंगांची वाटी अजून कुणी हातात घेतलेली नाही.

उत्तर इटलीत, व्हेनिसपासून जवळच, पादुआ शहर आहे. तिथल्या जुन्या रोमन आखाड्याच्या अवशेषांत विटांचं हे स्क्रोवेन्यी चॅपल, म्हणजे छोटं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, उभं आहे. बाहेरून अगदी साधं. नक्षी नाही, मनोरा नाही.

आता आत चला.

(दृश्य: दारातून छताकडे. दहा सेकंद निवेदन नाही.)

लांबी सुमारे २१ मीटर, रुंदी साडेआठ. दक्षिणेच्या भिंतीला सहा खिडक्या, उत्तरेची भिंत सलग. वर निळं छत आणि त्यावर सोनेरी तारे. एन्रिको स्क्रोवेन्यी या धनाढ्य माणसाने १३०० साली ही जागा विकत घेतली. २५ मार्च १३०५ रोजी चॅपलची प्रतिष्ठापना झाली. आतलं काम जोत्तो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराचं.

एन्रिकोचा बाप सावकार होता. व्याजाचा धंदा त्या काळच्या चर्चच्या लेखी पाप. इटालियन कवी दान्तेने काव्यात रंगवलेल्या नरकात सावकारांच्या गळ्यात थैल्या लटकतात, आणि एका पांढऱ्या थैलीवर निळी गाभण डुकरीण आहे. ते चिन्ह याच घराण्याचं. प्रवेशाच्या भिंतीवर, आतल्या बाजूला, अंतिम न्यायाचं चित्र आहे, त्यात खाली बघा. जांभळ्या वस्त्रात गुडघे टेकलेला हा एन्रिको. पुढ्यात याच चॅपलची छोटी प्रतिकृती, तो ती मेरीला अर्पण करतोय. त्याच भिंतीवर उजवीकडे नरक आहे, आणि तिथे थैल्यांच्या बंदांनीच फासावर लटकलेली माणसं आहेत.

पैसा एन्रिकोचा, नाव जोत्तोचं. पण भिंत कुणाची?

(दृश्य: चुन्याचं टाकं. पाण्यात कळीचा चुना, वाफ, बुडबुडे.)

चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडलं की तो खदखदायला लागतो. चुना विरवणं म्हणतो आपण त्याला. हा उष्मा पुरता जावा लागतो. घाईने वापरलेला चुना पुढे भिंतीवर फुटतो आणि चित्राला तडे जातात. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या आसपास या कलेचं एक पुस्तक लिहून ठेवलं. तो जोत्तोच्याच शिष्यपरंपरेतला. दोन भाग वाळू, एक भाग चुना, आणि ऊब निघून जाईपर्यंत थांबायचं, असं त्याने सांगितलं आहे.

पहिला थर जाडाभरडा. तो मुद्दाम खरबरीत ठेवतात, म्हणजे पुढचा थर त्याला धरून बसतो. त्यावर दोरी ताणून रेषा आखायच्या आणि गेरूसारख्या तांबड्या मातीने आकृत्या काढून घ्यायच्या. मग शेवटचा पातळ, गुळगुळीत गिलावा. इटालियनमध्ये त्याला इंतोनाको म्हणतात. तो अख्ख्या भिंतीवर एकदम करत नाहीत. आज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच जागेवर करायचा.

या तुकड्याचं नाव जोर्नाता, म्हणजे एका दिवसाचं काम. आपल्याकडे मजूर ज्याला रोज म्हणतात, तोच हा रोज.

(दृश्य: ओल्या गिलाव्यावर कुंचला. रंग शोषला जाताना अगदी जवळून.)

रंगात डिंक नाही, सरस नाही. रंगाची पूड आणि पाणी, बस. ओल्या गिलाव्यात रंग मुरतो. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. रंगाचे कण त्या नव्या दगडात बंद होतात. भट्टीत भाजलेला दगड भिंतीवर परत दगड झाला, आणि जाताना रंग आत घेऊन गेला. सातशे वर्षांनंतरही हे चेहरे असे दिसतात, ते यामुळे.

वेळ मात्र थोडा. गिलावा फार ओला असेल तर रंग पसरतो. वाळला तर रंग वरच बसतो आणि पुढे पुसला जातो. मधले जे काही तास मिळतात त्यांत चेहरा पुरा झाला पाहिजे. चुकलं तर गिलावा खरवडून काढायचा आणि उद्या नव्याने लावायचा. खोडायची सोय नाही.

(दृश्य: भिंतीवर तिरपा प्रकाश. सांधे वर येतात.)

हे बघा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. बाजूने टाकला की भिंतीवर शिवण उमटते. काम वरून खाली चालायचं, म्हणजे पुरं झालेल्या चित्रावर ओघळ येत नाहीत. त्यामुळे जिथे दोन तुकडे भेटतात तिथे नंतरचा गिलावा आधीच्या कडेवर किंचित चढलेला असतो. त्यावरून कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा, हे वाचता येतं. आभाळाचा तुकडा मोठा, कारण ते भराभर होतं. एखाद्या चेहऱ्याला मात्र स्वतःचा वेगळा तुकडा.

अभ्यासकांनी हे तुकडे मोजले आहेत: ६२५. म्हणजे तेवढे दिवस लागले असं नाही, परांचीवर एकाच वेळी बरेच हात असणार. पण ६२५ वेळा कुणीतरी आधी चुना घोटला, वर चढवला, थापीने सपाट केला आणि चित्रकाराला जागा दिली. त्या माणसांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. आम्ही कॅमेरा या सांध्यांवर इतका वेळ ठेवला तो त्यांच्यासाठी.

(दृश्य: ख्रिस्तजन्माचं चित्र. मेरीचं वस्त्र.)

इथे निळा झडला आहे. अझुराइट या खनिजाचा निळा ओल्या चुन्यात टिकत नाही. तो कोरड्या भिंतीवर, चिकट द्रव्यात मिसळून लावावा लागतो. भिंतीने ज्याला पोटात घेतलं नाही, तो रंग आधी गेला.

अजिंठ्याची भिंत पूर्णपणे या दुसऱ्या जातीची. तिथे मातीचा लिंपा, त्यावर पातळ पांढरा थर, आणि रंग कोरड्यावर. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निझाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ चित्रं सावरायला अजिंठ्याला आणले. सुटत चाललेले पोपडे त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवले. त्यांनी वापरलेलं लाखेचं वॉर्निश मात्र पुढे पिवळं आणि काळपट पडलं, आणि ते उतरवण्याचं काम आपल्या पुरातत्त्व खात्याकडे आलं.

(दृश्य: शेजारचं एरेमितानी चर्च. पांढऱ्या भिंतीवर चित्रांचे विखुरलेले कपचे.)

चॅपलपासून हे चर्च हाकेच्या अंतरावर. पंधराव्या शतकातला चित्रकार मान्तेन्या याने तरुणपणी इथे भिंतींवर चित्रं काढली होती. ११ मार्च १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांचे बॉम्ब पडले. ढिगाऱ्यातून ८० हजारांहून अधिक तुकडे वेचले गेले. त्यांतले जेवढे संगणकाच्या मदतीने जागेवर बसले, तेवढे हे.

(दृश्य: चॅपलबाहेरची काचेची खोली. बसलेले पाहुणे.)

आज चॅपलमध्ये थेट जाता येत नाही. पंचवीसेक जणांचा गट आधी या खोलीत पंधरा मिनिटं बसतो. अंगावरची धूळ आणि दमटपणा इथेच राहावा, म्हणून. मग दार उघडतं, आणि आतही जेमतेम तेवढाच वेळ. २०२१ मध्ये पादुआची चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं युनेस्कोच्या यादीत गेली.

(दृश्य: पुन्हा सुरुवातीची भिंत. तुकडा रंगवून झालाय. गवंडी त्याची कड करणीने तिरपी कापतो.)

रंगवून उरलेला गिलावा तो काढून टाकतोय. कड तिरपी ठेवायची, म्हणजे उद्याचा तुकडा तिच्यावर नीट चढतो.

(दृश्य: बादलीत करणी धुतली जाते. पाणी दुधासारखं होतं.)