दिव्यांगांचे नियोजन हे प्रत्येक विभागाचे काम

श्रोतेहो, नमस्कार.

दिव्यांग व्यक्ती आपले काम घेऊन शासकीय कार्यालयात गेली की एक उत्तर तिला वारंवार ऐकावे लागते : ‘हा विषय आमच्याकडे येत नाही, दिव्यांग कल्याण विभागाकडे जा.’ आज मला या उत्तराविषयीच बोलायचे आहे, कारण कायद्यापुढे ते टिकत नाही.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारास मान्यता दिली आणि त्याला अनुसरून केलेला २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. शिक्षण, आरोग्य, वाहतूक, बांधकाम, मतदान, आपत्ती व्यवस्थापन या प्रत्येक क्षेत्रातील यंत्रणेने काय करायचे, हे त्यात स्वतंत्र कलमांत सांगितले आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये यासाठी वेगळा विभाग स्थापन केला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तो विभाग इतरांच्या वतीने शाळा बांधू शकत नाही, की बसची पायरी खाली आणू शकत नाही.

बांधकामाचेच पाहा. इमारतीचा नकाशा सुगम्यतेच्या नियमांना धरून नसेल तर बांधकामाची परवानगी देऊ नये, आणि नियम पाळले नसतील तर पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असे कलम ४४ सांगते. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार साधारणपणे एकास बारा असावा लागतो. म्हणजे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. एवढी जागा नकाशातच राखली नाही, तर ती मागाहून मिळत नाही. एका कार्यालयात मी पाहिले, पायऱ्यांच्या कडेला उरलेल्या जागेत जेमतेम दोन मीटरचा सिमेंटचा उतार केला होता. व्हीलचेअरवरील एका बाईंना दोघांनी ढकलत वर नेले, आणि दाराशी पोहोचताच उंच उंबऱ्याला पुढची चाके अडली. त्या मान खाली घालून बसून राहिल्या. कार्यालयाच्या कागदांवर मात्र रॅम्प ‘उपलब्ध’ होता.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रश्नावर बोट ठेवले. सुगम्यतेचे मापदंड केवळ मार्गदर्शक म्हणून ठेवणारा २०१७ चा नियम मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून, बंधनकारक मापदंड तयार करण्याचे निर्देश न्यायालयाने केंद्र सरकारला दिले.

आपत्तीच्या नियोजनात तर ही कसर जिवावर बेतते. पुराचा इशारा देणारा भोंगा कर्णबधिर माणसाला ऐकू येत नाही आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो ऐकू आला तरी उठता येत नाही. म्हणूनच जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, हे कलम ८ ने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे सोपवले आहे. प्रमाणपत्रांची माहिती आरोग्य यंत्रणेकडे आणि विद्यार्थ्यांची शिक्षण विभागाकडे, अशी ती विखुरलेली राहिली, तर रात्री बोट नेमकी कोणत्या घराकडे न्यायची हे बचाव पथकाला कळणार कसे? माझ्या मते नियोजनाची सुरुवात याच यादीपासून व्हायला हवी, आणि ती तयार करताना त्या वस्तीतील दिव्यांग व्यक्ती बैठकीत असल्याच पाहिजेत.

नोकरभरतीत ४ टक्के आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण लक्षणीय, म्हणजे प्रमाणपत्रानुसार किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी आहे. ते पाळण्याची जबाबदारी ज्या विभागाची भरती किंवा योजना असेल त्याचीच आहे.

शेवटी एक उपयोगाची माहिती. कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमणे आवश्यक आहे. नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी लागते, आणि तेथे समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. तक्रार लेखी द्या आणि तिची पोच अवश्य घ्या.